द्रौपदामावशीचा उजवा पाय

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यातलीही निम्मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. न आणि ण यांच्यात तर माझा हमखास घोळ होतो, आणि लिहायला घेतलं तेही नेमकं असं की त्यात उसण आहे आणि उसनंही आहे. कंबरेत भरते ती उसण आणि शेजारणीकडून आणतो ते उसनं, एवढं मी माझ्या मुलीला, प्राचीला, विचारून पक्कं केलंय. तरी चुकलं तर चुकलं.

शहाडला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत द्रौपदामावशी राहते. तिला माणसांची तोंडं ओळखता येत नाहीत. नजर अधू आहे म्हणावं तर तसंही नाही, सुईत दोरा ती माझ्याआधी ओवते. पण तोंड बघून तिला काही आठवत नाही. ती माणूस ओळखते पाठीवरून.

इतकी वर्षं आमच्यामध्ये एकच भिंत आहे. तरी मी दारात उभी राहिले की ती डोळे बारीक करून बघते.

“कोण गं?”

“मी. मंगल.”

“फीर बघू.”

मी फिरते.

“हां, मंगलच आहेस. ये आत.”

एकदा बाजारात तिने एका धिप्पाड माणसाच्या पाठीवर मागून थाप मारली. “काय रे, परत वजन उचललंस ना? डावा खांदा खाली आलाय बघ तुझा.” तो माणूस वळला. ते आमच्या वॉर्डातले पुढारी होते, बरोबर चार-पाच पोरं, गळ्यात साखळी. मी लाजून भाजीवालीच्या मागे लपले. मावशी काही डगमगली नाही. “निवडणुकीआधी माझ्याकडं आलेलास तेव्हा सरळ होता की,” म्हणाली. पुढाऱ्यांनी हात जोडले आणि निघाले, जाताना खांदा वर करून.

लग्नाचे फोटो दाखवले तर चार पानं उलटून विचारते, “पाठमोरा एकपण नाय काढला?”

आता हे असं का, ते सांगते. मावशी पायाळू आहे. जे मूल डोक्याकडून न जन्मता पायांकडून जन्मतं त्याला पायाळू म्हणतात. कुणाच्या कंबरेत उसण भरली तर पायाळू माणसाने पाय लावला की ती जाते, असं आमच्यात मानतात. त्यामुळे रविवारी सकाळी नळाचं पाणी गेलं की मावशीच्या दाराबाहेर वाकडीतिकडी माणसं रांगेत उभी असतात. मोहन्याची असतात, आंबिवलीची असतात, उल्हासनगरची तर फार. कुणी कंबरेवर हात ठेवून आलेला, कुणी बायकोच्या खांद्यावर लटकून. सगळे म्हणतात, “मावशीची लाथ खायला आलोय.” खरं तर ती लाथ नसतेच. चटईवर पालथं झोपायचं, मावशी दाराची चौकट धरून उभी राहते, उजव्या पायाची टाच दुखऱ्या जागी तीनदा टेकवते आणि दरडावते, “सरळ हो!” तो हुकूम माणसाला नसतो, उसणीला असतो.

तिचे नियम ठरलेले. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. “पाय विकला की पाय उरत नाय,” म्हणते. कुणी वाकून नमस्कार करायला गेलं तर ओरडते, “तू पाया पडू नको, माझा पाय तुझ्यावर पडू दे!” आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे उठल्यावर मागे वळून बघायचं नाही. तडक बाहेर पडायचं. वळून बघितलं तर उसण परत येते. म्हणजे माणसं येतात ती खाली मान घालून, झोपतात पालथी आणि जातात पाठ करून. मावशी तोंडं बघणार कधी आणि लक्षात ठेवणार कधी!

त्या उजव्या पायाची ती फार उस्तवार करते. त्यात बारा महिने मोजा असतो. डावा पाय मोकळा. “डावा ओझ्याचा, उजवा कामाचा,” असं तिचं म्हणणं. रात्री उजव्या टाचेला खोबरेल लावते आणि उरलेलं बोट डाव्या टाचेला पुसते, तेही मेहरबानी केल्यासारखं. पायाळूवर वीज पडते असं कुणीतरी तिला लहानपणी सांगितलंय, म्हणून ढग गडगडले की पोटमाळ्याखाली पाटावर पाय पोटाशी घेऊन बसते आणि आभाळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, “मी घरात नाय!”

उसनं हा शब्द तिला चालत नाही. चाळीत वाटीभर साखर, दोन कांदे, अर्धी काडेपेटी हे सारखं इकडून तिकडे चालूच असतं. मावशी कधी कुणाकडे वाटी घेऊन गेली नाही. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा पिते आणि सांगते की असाच आवडतो. “उसण आणि उसनं एकाच घरातली,” म्हणते. “वेळेत काढली नाय तर आत धरून बसतात.”

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ते लग्न होऊन आले त्या वर्षी. हंडा उचलताना कंबर धरली होती. मला आधीच अनोळखी माणसासमोर तोंड उघडायची चोरी. दारात जाऊन नुसती उभी राहिले. कुठे दुखतं, कधीपासून, काही सांगता येईना. मावशी म्हणाली, “बोलू नको. पाठ बोलते.” तिच्याशी माझं जमलं ते तिथेच.

गोळ्यांशी मात्र तिचं वैर. प्राची तिला मुद्दाम चिडवते.

“मावशी, तुझ्या लाथेला काही सायन्स नाही गं.”

“तुझ्या सायन्सला पाय हायेत का? मग!”

तर असं सगळं चाललेलं असताना गेल्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी भिंतीवर लाटण्याचा आवाज आला. मी कल्याणला दोन घरच्या पोळ्या करून नुकतीच आलेले. मावशी कधी भिंत ठोकत नाही, त्यात काही मागितल्यासारखं होतं ना. मी धावले. बघते तर मावशी पाण्याच्या पिंपावर काटकोनात वाकलेली, एक हात पिंपाच्या काठावर, दुसऱ्यात लाटणं, तोंड पिंपात.

“मावशी, काय शोधतेस?”

पिंपातून आवाज घुमला, “मासे पकडतेय! अगं बाई, उसण भरलीय. आधी दार लाव!”

मी दार लावलं. तळातलं पाणी तांब्याने काढायला वाकली आणि कंबरेत कट्कन झालं. तेव्हापासून ती तशीच उभी होती. लाटणं कसं मिळालं विचारलं तर म्हणाली, पायाने ओढलं. कुठल्या पायाने ते विचारायची गरज नव्हती.

मी तिला धरून, थांबत थांबत चटईपर्यंत आणलं. घाम आलेला. पण दुखण्यापेक्षा तिला दाराची काळजी. “फट राहिलीय बघ. कडी घाल. कुणाला सांगू नको हां. परवा रविवार. लोक येतील आणि बघतील, पायाळूच वाकडी! मग कोण येतंय माझ्याकडं?”

हे ती सहज बोलली, पण मला माहीत होतं. मावशीला मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झाली. सोमवार ते शनिवार तिच्या दाराची कडी दूधवाल्याशिवाय कुणी वाजवत नाही. मी जाते, पण मी काय, तासभर बसले तरी दोन वाक्यं बोलणार. तिच्या घरात माणसांचा आवाज असतो तो रविवारीच.

“माझाच पाय मला लावला तर?” मावशी म्हणाली.

ती पालथी झाली. मोजा काढला. उजवा पाय गुडघ्यात दुमडून टाच कंबरेकडे न्यायला लागली. टाच आली मांडीपर्यंत, आणि तिथेच पोटरीत गोळा आला. मावशी किंचाळली. मी तिची पोटरी चोळत बसले. “झालं. आता दोन दुखणी,” म्हणाली.

मग तिला दुसरं सुचलं. “माझी चप्पल आण. उजवी. हिच्यात माझ्या पायाचा गुण मुरलेला असणार.”

मी चप्पल धुऊन, पुसून आणली. वडीलधाऱ्या बाईच्या पाठीला चप्पल लावायची म्हणून मी आधी मनातल्या मनात माफी मागितली. तीनदा टेकवली.

“सरळ हो म्हण.”

“सरळ हो,” मी म्हटलं.

“मोठ्यानं! उसणीला ऐकू गेलं पाहिजे.”

“सरळ हो!”

भिंतीपलीकडून प्राचीचा आवाज आला, “आई, कुणाला ओरडतेयस?”

उसण जागची हलली नाही.

शेवटी मी धीर करून म्हटलं, मावशी, डॉक्टर. पहिल्यांदा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग म्हणाली, “शहाडात नको. कल्याणला चल. आणि तोंड बांधून.” प्राचीचा स्कार्फ तिच्या तोंडाला बांधला, स्कूटरवरच्या पोरी बांधतात तसा. नुसते डोळे उघडे. काटकोनात वाकलेली, तोंड बांधलेली म्हातारी बघून बाहेरचं कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं.

रिक्षा मिळाली. पुलावर खड्डा आला की मावशी माझा दंड दाबायची. जरा पुढे गेल्यावर तिने रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, “ह्याची मीच काढलीय. दोनदा.”

तेवढ्यात रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, “मावशीला काय झालंय? उसण ना?”

मी मान हलवली.

“मग डॉक्टरकडं कशाला नेता? शहाडलाच एक पायाळू म्हातारी हाय. लय भारी लाथ हाय तिची. मी दोनदा गेलेलो.”

“म्हातारी?” स्कार्फमधून आवाज आला.

“असेल सत्तरची. पैसे घेत नाय, पण तोंडाची फाटकी हाय. वळून बघितलं तर शिव्या घालते.”

मावशीने माझा दंड दाबला. तेव्हा रस्त्यात खड्डा नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी ज्यांच्या पोळ्या करते त्या बाई त्यांच्याकडेच जातात, म्हणून मला ठाऊक. खोलीत गेल्यावर मावशी सवयीने म्हणाली, “फीर.” डॉक्टरीणबाई बिचाऱ्या फिरल्या. “बरीय,” मावशी म्हणाली. “पण खुर्ची बदल. मान पुढं यायला लागलीय.” मला जमिनीत शिरावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या आणि मान चोळत म्हणाल्या, “हो हो, दुखते खरी.”

मग त्यांनी एकेक विचारलं. पडलात का, ताप येतो का, लघवीला काही त्रास, पायात मुंग्या, बधिरपणा?

“माझ्या पायात? माझ्या पायाला काय होतंय!”

त्यांनी पाय उचलून बघितले, कंबर दाबून बघितली. “काही मोठं नाही,” म्हणाल्या. “स्नायू आखडलेत. ते सैल करणारी गोळी देते. रात्री एक, तीन दिवस. गुंगी येईल, त्यामुळे गोळी घेतल्यावर स्टुलावर चढायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही.”

“सैल म्हणजे कुठं कुठं सैल?” मावशीने उजवा पाय मागे घेतला. “सगळं सैल पडलं तर? हा पाय माझा कामाचा हाय.”

“पाय शाबूत राहील, मावशी. आणि नुसतं पडून राहू नका. घरातल्या घरात हळूहळू चाला. तशी ही उसण बहुतेक लोकांची थोड्या दिवसांत आपली आपणच जाते. गोळीने मधले दोन-तीन दिवस जरा सोपे होतात, एवढंच.”

मावशी स्कार्फ बांधत होती, ती थांबली.

“आपली आपण जाते?”

“बहुतेकांची जाते.”

“काय नाय केलं तरी?”

“काही नाही केलं तरी.”

निघायच्या गडबडीत तिची पैशांची पिशवी घरीच राहिलेली, तेव्हा फी मी दिली, गोळ्याही मीच घेतल्या. एरवी तिने रस्त्यात तमाशा केला असता. आता नुसती पुटपुटली, “उसनं झालं गं माझ्यावर.” परतीच्या रिक्षात ती गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत होती. पूल उतरल्यावर म्हणाली, “म्हणजे ती गोळी पण माझ्यासारखीच म्हणायची.”

संध्याकाळी मी तिला पिठलं-भात नेला. जेवल्यावर तिने गोळी तळहातावर घेतली. “एवढीशी! माझी टाच बघ आणि ही बघ,” म्हणाली आणि टाकली तोंडात. अंधार पडायला लागलेला, चाळीत टीव्ही सुरू झालेले. मी भांडी घासून तिच्याजवळ बसले, ती उठून कुठे चढायला नको म्हणून. थोड्या वेळाने तिची जीभ जड झाली आणि ती बोलायला लागली. मावशी सगळ्यांच्या पाठींबद्दल बोलते. स्वतःबद्दल बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

“माझी पहिली पाठ आईची,” म्हणाली. “मी जन्मताना अडलेले ना, पायांकडनं. आईची कंबर तेव्हाच गेली. गावात बोलायचे, पोरीनं आईची कंबर मोडली. मी दिसले की म्हणायचे, ही बघा कंबरमोडी.”

“आई वीटभट्टीवरनं आली की अंगणात पालथी पडायची, चार लोकांदेखत. मला हाक मारायची, द्रौपदे, पाय दे. मी एवढीशी. पाय ठेवला की मोठ्यानं म्हणायची, गेली बघ! माझ्या पोरीच्या पायाला गुण हाय हो! रोज म्हणायची. मग एकजण आला पाठ घेऊन, मग दुसरा आला. कंबरमोडी म्हणायचे ते बंद झालं.”

मावशी हसली. गुंगीतलं हसू, सैल.

“मंगल, रोज गेली तर रोज परत यायची कुठनं गं?”

बाहेर कुणीतरी बादली सरकवली.

“गेलीच नव्हती,” म्हणाली. “फसवलं गं म्हातारीनं मला.” आणि मग, डोळे मिटता मिटता, “खरं सांग. तुझी गेली होती का? माझ्या पायानं?”

मला पटकन उत्तर देता येत नाही, कुणालाच. मनात शब्द जुळवायला लागतात. ते जुळवून मी म्हटलं, “मावशी, दुखणं राहिलं होतं दोन दिवस. पण तुझा पाय पडला आणि मी त्या दिवसातला पहिला सरळ श्वास घेतला.” माझ्या मानाने हे फार मोठं भाषण होतं. बघते तर मावशी घोरत होती.

शनिवारी ती डुलत डुलत उठली. उन्हात भिंत धरून चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारायला लागली. कुणी विचारलं की सांगायची, “पायाला हिंडवून आणतेय.” कंबर बरीच सरळ झालेली. पण तोंडाची टकळी बंद. मी दारात गेले तर “फीर” म्हणाली नाही. नुसती म्हणाली, “ये.” संध्याकाळी उजव्या पायातला मोजा दोरीवर वाळत होता आणि तिने दुसरा घातला नव्हता. दोन्ही टाचा सारख्याच दिसत होत्या. मला ते बघवेना.

“उद्या लोकांना काय सांगू?” म्हणाली. “पाय लावते आणि ते म्हणतात गेली. आईसारखंच की ते पण. माझं मन राखत असतील.”

रविवार उजाडला. नळ गेला. दाराबाहेर रांग लागली. मी मावशीला खुर्चीवर बसवलं आणि कोपऱ्यात उभी राहिले. पहिला नंबर उल्हासनगरच्या कापडवाल्या शेठचा. हे शेठ वर्षातून चारदा तरी येतात, स्वतःची चटई घेऊन. पालथे झोपले की त्यांना तिथेच डुलकी लागते. आजही त्यांनी चटई अंथरली आणि आडवे झाले.

मावशी उठली नाही.

“शेठ, आयका. ही उसण आपली आपण जाते. डॉक्टर म्हणाली. मी पाय नाय लावला तरी जाते.”

बाहेर रांगेत कुजबुज थांबली. मला वाटलं, संपलं. आता सगळे आपापल्या कंबरा घेऊन परत जाणार.

शेठ चटईत तोंड खुपसूनच बोलले. “मालूम है, मावशी.”

“मालूम हाय?”

“मेरा भतीजा डॉक्टर है ना. बोलतो, चाचा, चार दिन में अपनेआप जाएगा. पण चार दिन मेरेको भरोसा कोण देणार? रात को वाटतं, अब मैं कभी उठणारच नाही. दुकान कौन देखेगा? तेरा पाँव लगा की वाटतं, हां, जाएगा.” मग जरा थांबून म्हणाले, “जल्दी कर ना, मावशी. पोटाखाली कुछ टोचतंय.”

टोचत होतं ते लाटणं. शुक्रवारपासून तिथेच पडलेलं.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मावशी, आमचा नंबर कधी?” दुसरा ओरडला, “लाथ मार की गं, उशीर होतोय!”

मावशी उठली. चौकट धरली. मोजा नव्हताच. टाच तीनदा टेकवली, हलकेच, आणि म्हणाली, “सरळ हो.” आवाज नेहमीसारखा दरडावणारा नव्हता. मग लगेच डॉक्टरीणबाईंच्या सुरात म्हणाली, “पडून राहू नको. हिंडत राहा. आणि पायात मुंग्या आल्या नायतर लघवीला त्रास झाला तर लगेच डॉक्टर. माझ्याकडं येऊन बसू नको.”

शेठ उठले, चटई गुंडाळली आणि नियमाप्रमाणे पाठ करून निघाले.

“शेठ!” मावशीने हाक मारली. शेठ थांबले, पण वळले नाहीत. इतक्या वर्षांची सवय.

“फीर की.”

“वापस आएगी ना!”

“येऊ दे. मी हाय. फीर.”

शेठ घाबरत घाबरत वळले. मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. “असं तोंड हाय होय तुझं! मिशी कधी ठेवलीस?”

“पैलेसेच आहे, मावशी.”

त्या रविवारी तिने सगळ्यांना वळायला लावलं. एकेकाचं तोंड बघून नाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. त्यामुळे दुपारपर्यंत रांग संपली नाही. पुढाऱ्यांच्या बरोबरचा एक पोरगाही होता. त्याला म्हणाली, “तुझं तोंड तुझ्या पाठीपेक्षा बरं हाय.”

त्या दिवसापासून ती मलाही “फीर” म्हणत नाही. पण अजून कधी कधी माझं तोंड बघून जरा अडखळते आणि गुपचूप बाजूने वाकून माझी पाठ बघून घेते.

दोन-तीन दिवसांनी ती माझ्या घरी आली. आपणहून ती कधी कुणाच्या घरात येत नाही, म्हणून मी गडबडले. मी पोळ्या लाटत होते, पायापर्यंत पीठ उडालेलं. कनवटीला गाठ मारून काहीतरी आणलेलं, ते सोडण्याआधी ती माझ्या चटईवर पालथी झाली.

“जराशी राहिलीय अजून. पाय ठेव.”

“मी? मावशी, मी पायाळू नाही.”

“नसलीस म्हणून काय झालं. ठेव.”

मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. मी हात धुतले, पदर खोचला, परत सोडला. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, ठेव. मी ठेवला. पीठ लागलेला पाय, नुसता टेकवला. तिची पाठ इतकी बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“गेली बघ!” मावशी मोठ्याने म्हणाली, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी. “मंगलच्या पायाला गुण हाय हो!”

मी लाजून दार लोटलं.

मग ती हळूच उठून बसली, कनवटीची गाठ सोडली आणि डॉक्टरीणबाईंची फी, गोळ्यांचे पैसे, दोन्ही वेळचं रिक्षाचं भाडं, वरची नाणीसुद्धा, सगळं माझ्या ओल्या हातावर ठेवलं. मी नको नको म्हणत राहिले, पण तिने माझी मूठ मिटवली. दारात जाऊन वळून बघितलं.

“फिटलं बघ,” म्हणाली.

फिटलं ते उसणं, म्हणजे खरं तर इथे न हवा. पण हे लिहिताना माझा हात अडला आणि आधी ण काढला गेला. तो मी खोडलेला नाही.